जुन्या एफ-१५०ला ट्रेलर जोडण्याआधी: मागचे पाटे आणि ४.१०चा क्राउन-पिनियन

१९८७ ते १९९६ या काळातल्या फोर्ड एफ-१५० अमेरिकेत आजही ट्रेलर ओढताना दिसतात. मालकांच्या तक्रारी दोनच: ट्रेलर जोडला की शेपूट बसते, आणि चढावर गाडी दम टाकते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि गाडी आहे तशीच राहते.

आधी शेपटीचं पाहू. २,२०० किलोचा ट्रेलर घ्या. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या (गाडीच्या मागच्या जोडणीच्या) बॉलवर यायला हवा, नाहीतर वेगात ट्रेलर मागे डुलायला लागतो. इथे ३०० किलो धरू. व्हीलबेस १३३ इंच आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या ५० इंच मागे असेल, तर तरफेच्या हिशेबाने मागच्या अ‍ॅक्सलवर ४१३ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे ११३ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर घसरतात.

मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा (पोलादी पट्टी) टाकला की शेपूट वर येते, पण ते ११३ किलो पुढे परत जात नाहीत. ते काम वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचच्या दांड्यांचं. सपाट जागी ट्रेलर सुटा असताना पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची मोजा, ट्रेलर जोडून पुन्हा मोजा, आणि पुढचा भाग जेवढा उचलला गेला त्याच्या निम्मा तरी खाली येईपर्यंत दांड्या ताणा. मगच पाट्यांचा विचार करा.

पाटा टाकायचाच असेल तर लांब घ्या. आखूड पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथेच सगळा वाक एकवटतो, आणि वरचा पाटा पुढे तिथेच तुटतो. चेसिस स्टँडवर आणि अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन पाट्यांची कमान सैल लोंबू द्या. सेंटर बोल्ट सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा. पाटे ताणाखाली असतात आणि क्लॅम्पशिवाय उसळतात. नवा पाटा लांबीच्या क्रमाने बसवा, त्याच्यावर लांब आणि खाली आखूड. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय ना, ते बोटाने चाचपा. ते बाहेर राहिलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्या, कारण जुन्यांचे आटे ताणलेले असतात. आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा आणि १५० किमीनंतर पुन्हा आवळा.

एअर स्प्रिंग, म्हणजे हवा भरायच्या पिशव्या, हा सोपा पर्याय आहे. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा, म्हणजे वळणावर एकीकडची हवा दुसरीकडे जात नाही. गाडी रिकामी असली तरी किटवर लिहिलेला किमान दाब, बहुतेक किटना ५ पीएसआय, ठेवाच. मात्र दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मागच्या अ‍ॅक्सलची जी वजनमर्यादा लिहिली आहे, ती पाट्यांनीही वाढत नाही आणि हवेनेही नाही. टायरवर 'पी' छाप असेल तर पिकअपसाठी त्याची भारक्षमता १.१ने भागून धरायची.

आता चढाचं. त्याचं औषध क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला दातेरी चक्रांचा सेट. त्याचा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे. २९ इंची टायर १०० किमी वेगाला मिनिटाला साधारण ७२० फेरे घेतो. मागे ३.०८चा सेट असेल तर डायरेक्टमध्ये (१:१ गिअरमध्ये) इंजिन २,२२० आरपीएमवर, आणि ई४ओडी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ०.७१च्या ओव्हरड्राइव्हमध्ये १,५७५वर फिरतं. ४.१० टाकला की हेच आकडे २,९५० आणि २,१०० होतात. चाकाशी ओढ एक तृतीयांशाने वाढते. ३.०८वर गिअरबॉक्स चढाला सारखा वर-खाली करत राहतो, तेल तापतं, क्लच जळतात. पण गाडीत आधीच ३.५५ असेल तर फायदा जेमतेम १५ टक्के. २,००० किलोच्या आतल्या ट्रेलरसाठी ओव्हरड्राइव्ह बंद करा आणि ते पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर घाला, असंच मी सांगेन.

कोणता सेट आहे ते डिफरन्शिअलच्या कव्हरच्या बोल्टखालच्या पत्र्यावर कळतं. आकड्याच्या मध्ये 'एल' असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारा डिफरन्शिअल. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा सेटही बदलावाच लागतो. तिथल्या डाना ४४ अ‍ॅक्सलला ३.७३पर्यंत एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) आणि ३.९२पासून दुसरा, म्हणून खर्च दुपटीच्या वर जातो.

मागच्या ८.८ इंची हाउसिंगमध्ये खरी कसोटी पिनियनची. बेअरिंग कॅप काढण्याआधी डावी-उजवी खूण करा. जुन्या पिनियनच्या डोक्याखालची शिम (पातळ चकती) नव्याला लावून सुरुवात करा. दातांना रंग लावून फिरवा: ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत गेलाय, शिम पातळ करा, टोकाशी आला तर जाड. क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सेटसोबतच्या कागदाप्रमाणे, बहुतेकदा ०.१५ ते ०.२५ मिमी.

क्रश स्लीव्ह, म्हणजे पिनियनच्या बेअरिंगांमधली चेपणारी नळी, सगळ्यात शेवटी, ठसा पक्का झाल्यावरच. तो चेपायला लांब दांडा आणि भरपूर जोर लागतो, आणि एकदा चेपायला लागला की नटच्या अगदी थोड्या फेऱ्यात प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) झपाट्याने चढतो. नवीन बेअरिंगवर पिनियन फिरवायला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. आकडा पुढे गेला तर नट सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवा घ्यावा लागतो. म्हणून दोन स्लीव्ह आणूनच काम काढा. क्राउनचे बोल्ट लाल थ्रेडलॉकर लावून ९५ ते ११५ न्यूटन-मीटरला आवळा.

१९९२पासूनच्या गाड्यांत स्पीडोमीटरचा सेन्सर मागच्या अ‍ॅक्सलवर आहे आणि तो कॅरिअरवरच्या दातेरी कड्याकडून वेग वाचतो, त्यामुळे सेट बदलला तरी काटा बरोबर दाखवतो. क्राउन काढताना तेवढं ते कडं जपा. त्याआधीच्या केबलवाल्या गाड्यांत गिअरबॉक्समधला छोटा गिअर बदलावा लागतो.

तेल भरल्यावर २५ किमी सावकाश चालवा आणि थांबून पिनियनच्या तोंडाशी हात लावा. हात ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झालाय, पुन्हा उघडा. सगळं ठीक असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या, ८०० किमीपर्यंत ट्रेलर लावू नका, आणि तेवढं अंतर झालं की तेल बदला. पहिल्या तेलात धातूचा बारीक चुरा निघणारच. टवके निघाले तर मात्र कव्हर काढून दात पाहा.