झेनॉनचा एक दिवस, चोवीस सेकंदांत

वणी तालुक्यातील एका गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्यातील झेनॉन-१३५ (भट्टीत तयार झालेल्या आयोडीनपासून होणारा, न्यूट्रॉन गिळणारा वायू) काही तास वाढतच राहतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. मुले उतरवून घेत, पण त्यांना ते पटत नसे. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या प्रक्रियेचे अ‍ॅनालॉग प्रतिरूप करायला घेतले. डिजिटल संगणक पुरेसे वेगवान नव्हते, त्या काळी अणुवीज केंद्राच्या नियंत्रणाचा अभ्यास आणि चालकांचे प्रशिक्षण अशाच यंत्रांवर होत असे. त्यांत प्रत्येक राशीच्या जागी एक व्होल्टेज असते आणि ते मूळ राशीच्याच नियमाने चढते-उतरते.

मी एका तासाला एक सेकंद धरला. आयोडीन-१३५ चा अर्धायुकाल (निम्मे उरायला लागणारा वेळ) ६.६ तास, त्याला ०.६९३ ने भागले की ९.५ येतात, म्हणून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला ९.५ मेगाओहम लागतो, तो ४.७, ४.७ आणि ०.१ असे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडून मिळाला. आयोडीनपासून झेनॉन होतो, त्याचा अर्धायुकाल सुमारे ९.१ तास, त्यासाठी १३.२ मेगाओहम. चालू भट्टीत झेनॉन न्यूट्रॉन गिळून नष्टही होतो, त्यासाठी ३.५७ मेगाओहमची समांतर वाट ठेवली आणि भट्टी ‘बंद’ करणाऱ्या बटणाने ती तुटेल अशी जोडणी केली. गावात भारनियमन असते, त्यामुळे वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरून घेतली.

पहिले आठ दिवस मात्र फार मनस्तापाचे गेले. भट्टी बंद करून कितीही वेळ थांबलो तरी आयोडीनचे व्होल्टेज दाखवणारा काटा शून्यावर येईना, पाऊण व्होल्टच्या आसपास अडून बसे. मी सारी जोडणी दोनदा उसवली. दोष जोडणीत नव्हता. व्होल्टेज वाढवणारी चिप, म्हणजे ७४१ ऑप-अ‍ॅम्प आपल्या प्रवेशाशी जो अतिसूक्ष्म प्रवाह ओढतो, सुमारे ८० नॅनोअ‍ॅम्पिअर, तोच ९.५ मेगाओहममधून गेल्यावर पाऊण व्होल्ट होतो. नागपूरहून टीएल ०८१ या जातीच्या चिप्स मागवल्या, त्यांचा हा प्रवाह हजारो पटींनी कमी आहे, आणि त्याच संध्याकाळी काटा शून्यावर उतरला. तो क्षण मी विसरणार नाही.

शाळा उघडल्यावर बारावीच्या मुलांसमोर यंत्र मांडले. मिनिटभर चालवून झेनॉन २.४ व्होल्टवर स्थिरावला, मग बटण दाबले. काटा चढू लागला तशी एक मुलगी उद्गारली, “सर, भट्टी तर बंद केली, मग हा काटा वर कसा जाऊन राहिला?” साडेआठ सेकंदांनी तो ४.६ वर पोचला, जवळजवळ दुप्पट. साठलेले आयोडीन झेनॉन घडवतच होते, आणि त्याला गिळंकृत करणारे न्यूट्रॉन उरले नव्हते. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्डची नवी भट्टी आपोआप मंदावली, ती याच झेनॉनमुळे, हे तेव्हा सांगितले आणि वर्ग स्तब्ध झाला.

भट्टी न्यूट्रॉनवरच चालते, म्हणून ते गिळणारा झेनॉन ३.५ व्होल्टच्या वर असेपर्यंत एक लाल दिवा लागतो आणि भट्टी पुन्हा सुरू करता येत नाही, अशी सोय मी केली आहे. प्रशिक्षणाचे मर्म मला इथे दिसते. चालकाने पहिल्या दोन ‘तासांत’ निर्णय घेतला तर ठीक, नाहीतर एकोणिसाव्या तासापर्यंत खोळंबा. त्या मुलीने तिसऱ्या सेकंदाला भट्टी पुन्हा सुरू करायला बटण दाबले, दिवा लागलेला पाहिला, आणि मग काट्यावरची नजर न हटवता ती एकोणिसापर्यंत मोठ्याने मोजत राहिली.