तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी असून भरतनाट्यम का?

नातीचं नाव माझ्या भरतनाट्यमच्या वर्गात घालायला आलेले आजोबा हमखास विचारतात, ‘बाई, आपलं सोडून हे मद्रासी का शिकवायलाय?’ बेळगावात भाषेचा प्रश्न कुठल्या दारातून आत येईल, नेम नाही.

अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमातल्या नाचांचा क्रम बांधला तंजावरच्या चौघा भावांनी: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. काळ एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध, आश्रय दुसऱ्या सरफोजीराजांचा. म्हणजे शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्याचा. सरफोजींच्या नावावर नाचासाठी केलेल्या मराठी रचनाही आहेत.

‘मग आपलंच की हो!’ आजोबा खूश. तिथंच मी त्यांना अडवते. राजाने आश्रय दिला, कदर केली. पाय झिजवले ते देवदासींनी, शिकवलं नट्टुवनारांनी, म्हणजे त्यांच्या नृत्यगुरूंनी. दरबार मराठी, पदं पुष्कळशी तेलुगू, नाचणाऱ्या तमिळ मुलखातल्या. ‘मराठ्यांनी भरतनाट्यम दिलं’ असले व्हॉट्सॲपवरचे मेसेज मी पुढे ढकलत नाही.

देवदासी म्हटलं की काही आया चपापतात. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे त्या शब्दामागचं दुःख इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. पोरी जाणत्या झाल्या की मी हे सगळं सांगते. ज्यांची कला, त्यांचं नाव गाळून ती शिकवणं मला जमत नाही.

मुली कुणी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षेला बसतात, कुणी कर्नाटक राज्याच्या ज्युनिअर-सीनिअर परीक्षेला. माझी हरकत नसते.

खरी कसोटी अभंगावर नाचताना. कृष्ण पोरी पटकन उचलतात: हातात मृगशीर्ष मुद्रा, मान जराशी कलती, झाला मुरलीधर. विठ्ठल मात्र पुरता दमवतो. पाय जुळलेले, हात कमरेवर, बस्स. एरवी अर्धमंडलात गुडघे वाकवून ‘तै या तै’ करणाऱ्या पोरींना नुसतं सरळ उभं राहायला सांगितलं की कुणाचा खांदा हलतो, कुणाची नजर दाराकडे. वीटसुद्धा दिसली पाहिजे, म्हणून आधी एक पाऊल चढायला लावते. चढतात झोकात, आणि दुसऱ्याच ओळीला विसरून खाली उतरतात.

‘आणि लावणी?’ हा आजोबांचा शेवटचा प्रश्न. लावणी मला येत नाही हो. येणारी कुणी भेटली तर माझ्या मुलींना तिच्याकडे खुशाल पाठवीन.