हातात शिरपेच धरलेला खुर्रम

काही दिवसांपासून एकाच चित्रानं डोक्यात घर केलंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे ते, जहांगीरच्या दरबारातला चित्रकार अबुल हसन यानं काढलेलं शहजादा खुर्रमचं पोर्ट्रेट, म्हणजे पुढे जो शाहजहान झाला तो. म्युझियमच्या साइटवर मोठं करून बघता येतं. नागपूरच्या या उन्हात दुपारी कूलरसमोर बसून करण्यासारखं याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही.

बाजूला मोठी आई बसली होती, तिनं चष्मा लावून बघितलं आणि पहिला प्रश्न हा, "काऊन रे बाबू, एवढा भारी दागिना डोक्यावर लावायचा सोडून हातात धरून काऊन उभा हाय हा?"

आता बघा, हाच तर चित्राचा मुद्दा आहे. पगडीवर लावायचा रत्नजडित शिरपेच त्यानं बोटांत असा धरलाय की आपली नजर आधी तिथंच जावी. मुघल दरबारात असं रत्न म्हणजे नुसती हौस नसायची, बादशहानं कोणाला काय दिलं यावरून त्या माणसाची दरबारातली जागा कळायची. आणि तेव्हा खुर्रमची जागा झपाट्यानं वर चालली होती. 1615 मध्ये मेवाडच्या राण्यानं त्याच्यापुढे तह केला, 1616 मध्ये बापानं त्याला दख्खनच्या मोहिमेवर पाठवलं, मुक्काम बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरच की! निजामशाहीचा कारभार बघणाऱ्या मलिक अंबरकडून अहमदनगरचा किल्ला आणि गेलेला मुलूख परत मिळवून तो 1617 च्या ऑक्टोबरात मांडूला बापाला भेटला. जहांगीरनं स्वतः लिहून ठेवलंय की तो झरोक्यातून खाली उतरला आणि त्यानं रत्नांचं तबक पोराच्या डोक्यावरून ओतलं. शाहजहान हा किताब तेव्हाच मिळाला, तीस हजार जातचा मन्सब (म्हणजे दरबारातला हुद्दा, तो असा आकड्यात मोजायचे), आणि भर दरबारात तख्ताजवळ बसायला आसन. चित्रात खुर्रम नेमका याच वयाचा आहे. त्यामुळे मला हे चित्र आग्र्या-दिल्लीचं कमी आणि दख्खनचं जास्त वाटतं. आपण शाळेत मुघल शिकतो ते लढायांमधून, पण दख्खनच्या मोहिमेनं शहजाद्याला काय मिळालं ते इथं त्याच्या बोटांत दिसतं.

आणि हे सगळं केवढ्याशा कागदावर. वसली म्हणजे कागदावर कागद चिकटवून केलेला जाड पुठ्ठा, तो गुळगुळीत दगडानं घोटून घोटून असा करायचे की रंगाची रेघ कुठं अडकू नये. ब्रश खारीच्या केसांचा. अकबराच्या काळात एका चित्रावर बरेचदा तिघं काम करायचे, एक आखणी करणार, एक रंग भरणार आणि चेहरा काढायला खास वेगळा माणूस, यावरून चेहऱ्याला काय मान होता ते समजून घ्या. जहांगीरच्या वेळी अख्खं चित्र एकाच हातचं असणं वाढलं, आणि बादशहा तर अभिमानानं सांगायचा की अनेकांनी मिळून चेहरा काढला तरी डोळा कोणाचा न भुवई कोणाची हे मी ओळखतो. असा बघणारा मालक असल्यावर चित्रकाराची काय बिशाद की एक केस इकडचा तिकडे होईल! अबुल हसनला त्यानं 1618 मध्ये नादिर-उझ-झमान, म्हणजे आपल्या काळातलं आश्चर्य, असा किताब दिला.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते चित्रावरचं लिखाण. खुद्द शाहजहाननं आपल्या हातानं फारसीत लिहिलंय की हे माझं पंचविसाव्या वर्षातलं चांगलं चित्र आहे आणि हे नादिर-उझ-झमानचं काम आहे. बस्स, एवढंच. मोहिमेबद्दल शब्द नाही, त्या शिरपेचाबद्दलसुद्धा नाही. आपलं वय, चित्र हुबेहूब जमल्याची पावती आणि चित्रकाराचा किताब. एवढ्या मोठ्या माणसानं असं लिहावं याचं मला खरंच फार कौतुक वाटलं, मी ते मोठ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मंग काढणाऱ्यानं बी सोनंच केलं म्हना."

पुढे बापलेकांचं काय झालं ते माहीतच असेल. 1622 मध्ये या लाडक्या पोरानं बंड केलं आणि त्याच जहांगीरनं आपल्या आठवणींमध्ये त्याला बेदौलत, म्हणजे करंटा, म्हणायला सुरुवात केली. तख्त मिळालं ते बाप गेल्यावर, 1628 ला. हे चित्र मात्र टिकलं, नंतर ब्रिटनच्या लॉर्ड मिंटोच्या घराण्याकडच्या अल्बममध्ये होतं, 1925 मध्ये त्या अल्बमची पानं वाटली गेली, काही लंडनला राहिली आणि काही डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत गेली. डब्लिनची पानं अजून नीट बघायची आहेत, आता तिकडेच वळतो.