तानाका की तानाका-सान?

जपानी भाषेच्या जे.एल.पी.टी. परीक्षेची सर्वात वरची पातळी, एन-1, पास झाल्यावर मला वाटलं, जपानी आली. मग बी.जे.टी., म्हणजे कामकाजातल्या जपानीची परीक्षा दिली, आणि 800 पैकी 512 गुण घेऊन गप्प बसले. म्हणजे जे-2. या परीक्षेत पास-नापास नसतंच. जे-5 पासून जे-1 प्लसपर्यंत तुम्ही कुठे बसता तेवढं कळतं. जे-1 साठी 530 लागतात. अठरा गुणांनी हुकलं, अजून सलतंय!

व्याकरणाने मला दगा दिला नाही. दगा दिला तो नात्यागोत्याने. बाहेरच्या कंपनीचा फोन येतो, आपले साहेब जागेवर नाहीत. आपल्या मराठी जिभेला साहेबांना नुसतं आडनावाने बोलवणं जमेल का? पण जपानीत परक्यापुढे आपला माणूस, मग तो कितीही मोठा असो, धाकटाच. साहेबांचं आडनाव तानाका असेल, तर आदराचं 'सान' लावून 'तानाका-सान' नाही, नुसतं 'तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु', म्हणजे तानाका जागेवर नाहीत. तेच समोरच्याच्या कंपनीला बोलताना 'ओन्शा' आणि लिहिताना 'किशा'.

ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. एकजण म्हणतो, 'केन्तो शिमासु', विचार करतो. मी भाबडेपणाने होकार धरायचे. व्यवहारात तो बरेचदा गोड शब्दांतला नकार असतो.

एक तक्रार मात्र आहे. एवढं सगळं तपासतात, पण बोलायला काही लावत नाहीत. फोनवर माझी जी त-त-प-प होते, ती गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही. (माझ्या पथ्यावरच पडलं म्हणा.)

पुढच्या वेळी 530. सध्या आरशासमोर रोज तानाकांचं 'सान' काढून टाकायचा सराव चालू आहे.