घरगुती ७३७-८०० कॉकपिट: चढाईचे मोड चालू, व्हीनॅव्ह अर्ध्यावर

घरी बांधत असलेल्या बोईंग ७३७-८०० सिम्युलेटरमध्ये एमसीपीची (ऑटोपायलटचे मोड, वेग आणि उंची लावायच्या पट्टीची) बटणं, नॉब आणि दिवे आधीच जोडून झाले होते. या टप्प्यात त्यामागचं लॉजिक लिहिलं: लेव्हल चेंज, व्हर्टिकल स्पीड आणि लावलेली उंची पकडणारा अल्ट अ‍ॅक्वायर. तिन्ही चालतात. व्हीनॅव्हमधला (आखलेल्या मार्गाचे वेग आणि उंच्या आपोआप पाळणाऱ्या मोडमधला) वेगाचा भाग चालतो, मार्गात ठरवून दिलेल्या उंचीच्या बंधनांचं काम बाकी आहे.

कोडला हात घालण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून ठेवावा: या मोडमध्ये वेग कोण सांभाळतंय, नाक की इंजिन? चढताना हाताशी या दोनच गोष्टी असतात. एकाने वेग धरला की दुसऱ्याला वेगळं काम देता येतं. चढाईचे सगळे मोड या वाटणीतून निघतात आणि त्यातले बहुतेक घोटाळेही.

लेव्हल चेंजमध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप लावणारी यंत्रणा) चढाईच्या एन-१ मर्यादेवर (एन-१ म्हणजे इंजिनाच्या पंख्याची फिरकी, जोराचं माप) जाऊन बसतो आणि वेग नाकाकडे येतो. एफएमएवर (चालू मोड दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्टीवर) डावीकडे एन-१, उजवीकडे एमसीपी स्पीड. चढाईचा दर कुणी मागितलेला नसतो, जोर शिल्लक राहील तेवढाच मिळतो. मुंबईला जमिनीवर ३० अंश, म्हणजे प्रमाण वातावरणापेक्षा १५ अंश जास्त, असं हवामान लावून पूर्ण वजनाने उडवून बघा. दर पडलेला दिसेल, वेग मात्र जागेवर. एअरबसवाल्यांसाठी: ओपन क्लाइंब म्हणजे हीच वाटणी.

वेगातली चूक थेट नाकाच्या कोनाला जोडली तर विमान लाटेसारखं वरखाली होत राहतं, कारण नाक हलल्यावर वेग बदलायला कितीतरी सेकंद लागतात. म्हणून चुकीवरून आधी हवं ते त्वरण काढायचं, त्याला मर्यादा घालायची, प्रत्यक्ष त्वरणाशी ताडायचं आणि मगच नाक फिरवायचं. नाक फिरवण्यावर आम्ही ०.०५ जीची (गुरुत्वत्वरणाच्या ०.०५ पट) मर्यादा ठेवली आहे. १०,००० फुटांवर २५० नॉट्सला ती सेकंदाला साधारण ०.२ अंश येते. प्रवाशाला कळणार नाही इतकं हळू, आणि तसंच हवं.

खरी परीक्षा १०,००० फुटांवर, वेग २५० वरून २९० करताना. साधा लूप (फक्त वेगातली चूक बघून नाक हलवणारा कोड) वेग मिळवायच्या नादात नाक इतकं खाली घालतो की विमान चक्क उतरायला लागतं. त्यावर शिल्लक ऊर्जेची वाटणी हाच नीट उपाय आहे. आम्ही ७० टक्के वेगाला आणि ३० टक्के चढाईला दिले. मिनिटाला २,५०० फुटांची चढाई त्या वेळात ७५० वर येते आणि सुमारे ४० सेकंदांत वेग गाठला जातो.

व्हर्टिकल स्पीडमध्ये वाटणी उलटी होते. दर नाकाकडे, वेग ऑटोथ्रॉटलकडे. एमसीपीवर दर लावायच्या चाकाची हद्द खाली ७,९०० आणि वर ६,००० फूट प्रतिमिनिट. १,००० च्या आत ५० च्या पायऱ्या, त्यापुढे १०० च्या. एन्कोडरच्या (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या भागाच्या) कोडमध्ये ही पायरी बदलायला विसरू नका. इंजिनाकडे जोर शिल्लक आहे तोवर हा मोड गुणी आहे. थ्रॉटल मर्यादेला टेकला की वेगाला वाली उरत नाही, आणि नाक मात्र मागितलेला दर देतच राहतं.

हे किती गुपचूप घडतं ते आकड्यांत बघा. वर पातळ हवेत खरा वेग (हवेतून प्रत्यक्ष जाण्याचा; काट्यावरचे नॉट्स तिथे त्याहून कमी दिसतात) ४५० नॉट्स आहे, जोर मिनिटाला ७०० फुटांपुरताच आहे आणि चाकावर १,२०० लावलेत. वरचे ५०० फूट वेगातून वसूल होतात: मिनिटाला साधारण १२ नॉट्स. ना झटका, ना आवाज. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी एरोमेक्सिकोचं डीसी-१० लक्झेंबर्गवर असंच व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये चढत होतं. ३०,००० फुटांच्या जवळ ते स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटली. थरथर सुरू झाली तेव्हा वैमानिकांना इंजिनात बिघाड आहे असं वाटलं. सुमारे १९,००० फुटांवर विमान सावरलं आणि माद्रिदला सुखरूप उतरलं, पण एलिव्हेटरची (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या पात्यांची) बाहेरची टोकं तुटून गेली होती. आपल्या सिममध्ये हा प्रसंग उभा राहत नसेल तर इंजिन किंवा ड्रॅगचं (हवेच्या विरोधाचं) मॉडेल खोटं आहे, ऑटोपायलटचा कोड तपासत बसू नका.

उंची पकडण्यासाठी ठरावीक अंतर ठेवणं ही नेहमीची चूक. अंतर दराच्या वर्गाने वाढतं. ०.०५ जी धरलं तर मिनिटाला १,००० फुटांना ८६ फूट पुरतात, २,००० ला ३४५ आणि ४,००० ला जवळपास १,३८०. अल्ट अ‍ॅक्वायर त्या हिशोबाने लागला पाहिजे. तो लागलेला असताना उंचीचा नॉब फिरवला तर ७३७ आपणहून व्हर्टिकल स्पीडमध्ये जातं आणि त्या क्षणीचा दर धरतं. म्हणजे पकडलेली उंची सुटली. हा बदल कोडमध्ये हवाच, आणि नवीन मोडभोवतीची चौकट एफएमएवर १० सेकंद दिसलीच पाहिजे. वैमानिकाला दुसरी खूण मिळत नाही.

मॅकवर (ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजलेल्या वेगावर) जाण्याचा भाग सर्वांत जास्त वेळ घेतो. लेव्हल चेंजमध्ये सुमारे २६,००० फुटांवर एमसीपीची खिडकी नॉट्सवरून मॅकवर जाते आणि त्या घडीचा मॅक धरला जातो. २८० नॉट्सवर तो ०.६८५ असतो. नॉब कुणी हलवला नाही तर ३५,००० फुटांवर तोच मॅक म्हणजे फक्त २३० नॉट्स, जड विमानासाठी किमान वेगाच्या फार जवळ. तेव्हा चेकलिस्टमध्ये २६,००० ला खिडकी बघण्याची ओळ घाला.

व्हीनॅव्ह २८० नॉट्स आणि मॅक ०.७८ यांची गाठ जिथे पडते तिथे बदल करतो. प्रमाण वातावरणात ती उंची ३२,४६० फूट येते. मॉडेल तपासायला याहून चांगली जागा नाही. काट्यावरच्या स्थिर नॉट्सवर चढताना खरा वेग वाढत असतो, म्हणून शिल्लक ताकदीचा एक वाटा त्यात जातो. स्थिर मॅकवर हवा गार होत जाते तसा खरा वेग घटतो आणि ती ऊर्जा चढाईला मिळते. जोर तोच ठेवून बदलाच्या क्षणी दर सुमारे ४० टक्क्यांनी उडी मारतो, १,००० चे १,४०० फूट. ३६,०८९ फुटांवर तापमान स्थिर झालं की दर ८ टक्के खाली येतो. आमच्या आलेखात दोन्ही पायऱ्या आता स्वच्छ दिसतात. दिसल्या नाहीत तर तापमानाचा तक्ता आणि मॅकचं सूत्र, या क्रमाने शोधा.

पुढचं काम उंचीच्या बंधनांचं. नियम पक्का आहे: व्हीनॅव्ह एमसीपीवरची उंची कधीच ओलांडत नाही, मार्गात बंधन असो वा नसो. अल्ट इंटरव्हेन्शनचं बटण एका दाबाला एकच बंधन पुसतं, त्यासाठी रांग हवी, एक फ्लॅग पुरत नाही. ती रांग लिहून झाली की १०,००० च्या आत दोन बंधनं असलेला मार्ग लावून चाचणी घ्यायची आहे.