बून कुटुंबाच्या वाटेने: पेनसिल्व्हेनिया ते केंटकी, जमिनीचे कागद हातात घेऊन

पेनसिल्व्हेनियात रेडिंग शहराजवळ, एक्सेटर टाउनशिपमध्ये, अठराव्या शतकात केंटकीची वाट मोकळी करणाऱ्या अमेरिकन शिकारी-वाटाड्या डॅनिएल बूनचं जन्मस्थान जपून ठेवलेलं आहे. बहुतेक पर्यटक तिथल्या दगडी घरासमोर फोटो काढून निघतात. हे घर नंतरच्या मालकांनी बांधलेलं आहे. बुनांच्या काळातलं जे उरलंय ते त्याच्या तळाशी आहे: जुन्या ओंडक्यांच्या घराचा पाया आणि तळघरातला झरा. या प्रवासाची सुरुवात मी तळघरातूनच करायला सांगेन. पुढे केंटकीपर्यंत या कुटुंबाने जिथे जिथे घर मांडलं, तिथे आधी पाणी पाहिलं. म्हणून नकाशावर गावांपेक्षा ओढ्यांची नावं जास्त उपयोगी पडतात.

जन्मतारखेपासूनच गोंधळ सुरू होतो. काही ठिकाणी २२ ऑक्टोबर १७३४ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी २ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. बून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. क्वेकर लोक महिन्यांची नावं लिहीत नसत, फक्त क्रमांक लिहीत, आणि त्यांचा पहिला महिना मार्च. त्यामुळे त्यांच्या वहीत ‘१७४७, बारावा महिना’ दिसला तर तो आपला फेब्रुवारी १७४८. हे ध्यानात ठेवलं नाही तर लग्न आणि पहिल्या मुलाचा जन्म यांचा क्रम उलटा लागतो, आणि अशी चूक अनेक वंशवृक्षांत पिढ्यान् पिढ्या नकलली गेली आहे.

कुटुंबप्रमुख स्क्वायर बून. ‘स्क्वायर’ ही पदवी नाही, पाळण्यातलं नाव आहे. त्याच्या एका मुलाचंही हेच नाव, पुढच्या पिढीतही तेच. नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. सोबत बायकोचं नाव, ओढ्याचं नाव आणि साक्षीदारांची नावं जुळली पाहिजेत. स्क्वायर आणि सारा मॉर्गन यांना ११ मुलं, डॅनिएल सहावा. मोठी मुलगी सारा हिने १७४२ मध्ये आणि मुलगा इस्रायलने १७४७ मध्ये पंथाबाहेर लग्न केलं. दुसऱ्या वेळी स्क्वायरने चूक कबूल करायला नकार दिला आणि पंथाने त्याला वगळलं. १७५० मध्ये त्याने इथली शेती नातेवाइकाला विकली आणि कुटुंब दक्षिणेकडे निघालं.

ते गेले त्या वाटेला ग्रेट वॅगन रोड म्हणतात. फ्राय आणि जेफरसन यांच्या व्हर्जिनियाच्या नकाशात फिलाडेल्फिया ते उत्तर कॅरोलिनातली यॅडकिन नदी हे अंतर ४३५ मैल, म्हणजे ७०० किलोमीटर दिलेलं आहे. रेडिंगहून लँकेस्टर, यॉर्क, मग मेरीलँडमध्ये विल्यम्सपोर्टजवळ पोटोमॅक ओलांडून विंचेस्टर, आणि तिथून शेननडोआ खोऱ्यातून थेट रोनोकपर्यंत. आज या खोऱ्यात आय-८१ महामार्ग आणि यूएस ११ हा जुना रस्ता जवळजवळ शेजारून जातात. घाई नसेल तर यूएस ११ घ्या. आय-८१ वर सतत मालट्रकांची रांग असते आणि जमिनीचा उतार कळतच नाही. हे लोक इथून का गेले याचं उत्तर त्या उतारातच आहे. ॲपलाशियन डोंगररांगा ईशान्येकडून नैऋत्येकडे धावतात, त्यामुळे लांबलचक खोरी आपसूक दक्षिणेकडे घेऊन जातात आणि पश्चिमेची वाट डोंगर अडवून धरतात. नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये झाडं निष्पर्ण असताना हे सगळं रस्त्यावरून स्वच्छ दिसतं. ऑक्टोबरमध्ये रंगीत पानं पाहायला गर्दी उसळते आणि खोल्या महाग होतात.

हॅरिसनबर्गच्या उत्तरेला लिनव्हिल क्रीकवर बून काही काळ थांबले होते असं मानलं जातं. त्याच ओढ्यावर पुढे १७६८ मध्ये अब्राहम लिंकनचे पणजोबा जॉन लिंकन येऊन राहिले. तेही पेनसिल्व्हेनियाच्या त्याच बर्क्स काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आले होते. एकटं कुटुंब क्वचितच निघायचं, शेजार आणि सोयरीक बरोबर चालायची. यॅडकिनवर बुनांच्या आधी ब्रायन कुटुंब पोहोचलं होतं. डॅनिएलची बहीण मेरी विल्यम ब्रायनला दिली आणि १७५६ मध्ये डॅनिएलने रिबेका ब्रायनशी लग्न केलं. म्हणून बुनांचा कागद सापडत नसेल तेव्हा ब्रायनांचा शोधा. साक्षीदार किंवा शेजारी म्हणून बून तिथे असतातच.

रोनोकहून यूएस २२० ने दक्षिणेला उतरून मॉक्सव्हिलकडे जाताना थोडी वाकडी वाट करून हंट्सव्हिल गावाजवळचा शॅलो फोर्ड पाहावा. यॅडकिन नदीचा हा उथळ उतार. पूल नसताना भरलेली गाडी पार करण्याची हीच जागा होती. पाऊस पडून गेला असेल तर नदी गढूळ आणि फुगलेली असते. मग गाड्यांना काठावर दिवसेंदिवस का थांबावं लागत असेल ते सांगावं लागत नाही.

मॉक्सव्हिलमध्ये यूएस ६०१ लगत जोपा दफनभूमी आहे. स्क्वायर (मृत्यू १७६५) आणि सारा (१७७७) यांचे मूळ शिलालेख तिथे नव्या बांधकामात बसवून सुरक्षित केले आहेत. खरा ऐवज मात्र तिथून थोड्या अंतरावर, साल्सबरीत. आज मॉक्सव्हिल डेव्ही काउंटीत आहे, पण डेव्ही १८३६ मध्ये झाली. त्याआधी हा भाग रोवनमध्ये, आणि रोवन १७५३ मध्ये ॲन्सनमधून निघाली. कागद आजच्या काउंटीत शोधणं हीच या कामातली सगळ्यात सामान्य चूक. प्रत्येक मुक्कामासाठी ‘त्या वर्षी ही जमीन कोणत्या काउंटीत होती’ असा तक्ता घरूनच करून न्या. रोवनचे दस्त साल्सबरीच्या कोर्टहाउसमध्ये आणि त्यांच्या मायक्रोफिल्म प्रती राजधानी रॅली इथल्या राज्य अभिलेखागारात मिळतात. कार्यालयं शनिवार-रविवारी बंद असतात, म्हणून मोकळ्या जागा सुट्टीच्या दिवशी आणि कागद कामाच्या दिवशी, असं वेळापत्रक लावा.

१७५३ मध्ये स्क्वायरला, उत्तर कॅरोलिनाच्या वरच्या अर्ध्या भागाचा जमीनमालक लॉर्ड ग्रॅनव्हिल याच्याकडून, ६४० एकरांचे दोन तुकडे मिळाले. त्यातला बेअर क्रीकवरचा तुकडा त्याने १७५९ मध्ये डॅनिएलला ५० पौंडांना विकला. या दस्तांत आपल्या खरेदीखतासारखी चतुःसीमा असते, फक्त गट नंबर नसतो. सुरुवात एखाद्या ओक वृक्षापासून, मग ‘पूर्वेस इतके पोल’ असं करत पुन्हा त्याच झाडाशी. पोल, पर्च आणि रॉड ही एकाच मापाची नावं: साडेसोळा फूट. मराठी वाचकाला इथे आयती किल्ली मिळते. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन पोल बाय दोन पोल. म्हणजे चार चौरस पोलांचा एक गुंठा आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. चौरस पोलांना चारने भागलं की गुंठे हातात. ३२० पोल लांब आणि ३२० पोल रुंद तुकडा म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर.

चतुःसीमा आजच्या नकाशावर बसवताना दोन गोष्टी आडव्या येतात. खुणेची झाडं कधीच गेलेली असतात. आणि दिशा होकायंत्राने घेतलेल्या असतात, तर चुंबकीय उत्तर अडीचशे वर्षांत काही अंश सरकलेली आहे. ३ अंशांचा फरक धरला तर एका मैलावर रेषा सुमारे २७५ फूट चुकते. उपाय असा की आकृती पारदर्शक कागदावर काढायची आणि ओढ्याचं वळण जुळेपर्यंत ती फिरवायची. एक तुकडा बसला की त्याला लागून असलेले शेजाऱ्यांचे तुकडे जोडत जायचे. एकटा तुकडा कुठेही बसल्यासारखा वाटतो, पाच-सहा तुकड्यांची जुळणी सहसा फसवत नाही.

एवढी जमीन असूनही हे लोक का हलले? १७६३ मध्ये लॉर्ड ग्रॅनव्हिल वारला आणि त्याचं जमीन कार्यालय बंद पडलं. उत्तर कॅरोलिनाच्या वरच्या अर्ध्या भागात नवा कायदेशीर दाखला मिळणंच थांबलं. शिकार हटत चालली होती, आणि हरणांच्या कातड्यांवर डॅनिएलचं घर चालत होतं. डोक्यावर कर्जाचे दावे होते. कर आणि अधिकाऱ्यांच्या लुटीविरुद्धचा ‘रेग्युलेटर’ म्हणवणाऱ्या शेतकऱ्यांचा असंतोष १७७१ मध्ये अलामान्सच्या लढाईत चिरडला गेला. साहसाची हौस म्हणून बून पश्चिमेला गेला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कागद पाहिल्यावर मला ते पटत नाही. पक्का दाखला मिळेल अशी जमीन हवी होती.

मॉक्सव्हिलहून यूएस ४२१ ने विल्क्सबरो आणि बून गाव मागे टाकत टेनेसीत एलिझाबेथटनला यावं. वाटेत ‘बूनने नाव कोरलेलं झाड’ आणि ‘बूनची गुहा’ अशा पाट्या लागतील. त्या सोडून दिल्या तरी चालेल. कोरीव नावांत शेवटचा ई बहुधा गाळलेला असतो, आणि तो स्वतः सही करताना ई लिहीत असे. एलिझाबेथटनचं सिकॅमोर शोल्स मात्र चुकवू नका. १७ मार्च १७७५ रोजी इथे रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया या जमीन खरेदी-विक्रीच्या कंपनीने चेरोकी या आदिवासी जमातीच्या प्रमुखांकडून केंटकीकडची सुमारे २ कोटी एकर जमीन ‘विकत’ घेतली. चेरोकींपैकीच ड्रॅगिंग कनू या नेत्याने त्याच सभेत कडाडून विरोध केला. केंटकीत शिकार करणारे शॉनी आदिवासी तर या व्यवहारात नव्हतेच. पुढची वीस वर्षं वाहिलेल्या रक्ताचा हिशेब इथून सुरू होतो.

किंग्सपोर्टला होल्स्टन नदीतल्या लाँग आयलंडजवळून बून केंटकीकडे वाट काढायला सुमारे ३० कुऱ्हाडवाल्यांना घेऊन निघाला. तिथून मॉकसिन गॅप, डफिल्ड आणि मग यूएस ५८ ने ली काउंटीतून कंबरलँड गॅप. वाट नवी नव्हती, जनावरांच्या आणि आदिवासींच्या पाऊलवाटा जोडून रुंद केल्या होत्या. या भागात मोबाइलला रेंज जाते-येते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि पेट्रोल डफिल्डलाच भरा.

याच ली काउंटीत १० ऑक्टोबर १७७३ रोजी, केंटकीत वस्ती करण्याच्या पहिल्या प्रयत्नात, बूनचा १६ वर्षांचा मुलगा जेम्स मारला गेला. त्याच्यासोबत हेन्री रसेल आणि इतर काही जण होते. त्या तुकडीत चार्ल्स आणि ॲडम हे दोन गुलामही होते. ॲडम लपून राहिला, आणि त्या रात्री काय घडलं हे त्याच्यामुळे कळलं. कुटुंबांच्या यादीत ही माणसं ‘मालमत्ता’ म्हणून येतात. त्यांचा माग काढायचा तर मृत्युपत्रं, वाटणीपत्रं आणि कर-याद्या पाहाव्या लागतात. तेवढे कष्ट घेतल्याशिवाय या स्थलांतराचा इतिहास पूर्ण झाला असं म्हणू नये.

कंबरलँड गॅपची खिंड सुमारे १,६०० फुटांवर आहे. आपल्याकडच्या घाटांच्या मानाने ती बुटकी वाटेल, पण तिच्या दोन्ही बाजूंचा कडा मैलोन् मैल सलग आहे. १९९६ मध्ये यूएस २५ई बोगद्यातून नेला. मग वरचा डांबरी रस्ता उखडून जुन्या पायवाटेचा उतार पुन्हा घडवला. गाडी खाली ठेवून खिंडीतून चालतच जा. १७९६ पर्यंत इथून सामानाची घोडागाडी जात नव्हती. यॅडकिनपर्यंत गाडीत आलेला संसार इथे घोड्यांच्या पाठीवर बसवावा लागे. एका घोड्यावर साधारण ९० किलो धरले तर नांगराचा फाळ, कुऱ्हाडी, बियाण्याचा मका, शिसं, दारूगोळा आणि मीठ यांतच चार-पाच घोडी संपतात. पलंग, पेटारे, चरखा मागेच राहत. उन्हाळ्यात गेलात तर पूर्ण पायघोळ कपडे घाला, गोचिडी भरपूर असतात. जुन्या दफनभूमींच्या कुंपणाला तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही असते, तिला हात लावू नका.

खिंडीपलीकडे पाइनव्हिल, बार्बरव्हिल, केंटकीतलं लंडन, आणि शेवटी रिचमंडजवळ केंटकी नदीकाठी बून्सबरो. आज दिसणारा किल्ला प्रतिकृती आहे आणि मूळ जागेपेक्षा उंचावर बांधलेला आहे. मूळ जागा खाली नदीलगत, तिथेही उतरून या. सप्टेंबर १७७८ मध्ये शॉनींनी घातलेल्या वेढ्याची वर्णनं त्या सपाटीवर उभं राहिल्याशिवाय समजत नाहीत.

आता कागद. केंटकी १ जून १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि १७७६ मध्ये केंटकी काउंटी होण्याआधी फिनकॅसल काउंटीत होता. फिनकॅसलची दप्तरं आज व्हर्जिनियात क्रिश्चनबर्गला आहेत. फेएट काउंटीची बरीच दप्तरं १८०३ च्या आगीत गेली. सर्वांत भरवशाचं ठिकाण म्हणजे फ्रँकफर्टचं राज्य जमीन कार्यालय. हेंडरसनने दिलेले दाखले व्हर्जिनियाने १७७८ मध्ये रद्द केले आणि १७७९ चा कायदा आणला. १७७८ पूर्वी वस्ती करून मका पिकवलेल्याला ४०० एकर आणि लगतच्या १,००० एकरांवर पहिला हक्क. त्यानंतर चार पायऱ्या: वॉरंट (जमिनीवरच्या हक्काची चिठ्ठी), नोंद, मोजणी, अंतिम दाखला. प्रत्येक पायरीला वेगळा कागद. नोंद आहे म्हणून जमीन मिळालीच असं समजू नका, चौथा कागद पाहा.

बुनांचं घोडं इथेच पेंड खातं. सरकारने आधी सलग मोजणी केली नव्हती. ज्याने त्याने आपली झाडं निवडली, म्हणून एकाच जमिनीवर तीन-तीन, चार-चार दावे चढले. बून स्वतः मोजणीदार होता, तरी त्याच्या नोंदींतल्या खुणा न्यायालयात टिकल्या नाहीत. वॉरंटं विकत घ्यायला लोकांनी सोपवलेली रक्कम १७८० मध्ये प्रवासात चोरीला गेली, ते कर्जही अंगावर पडलं. दावे एकामागून एक गेले आणि १७९९ मध्ये कुटुंब स्पेनच्या ताब्यातल्या मिझूरीत गेलं. तिथे मिळालेली जमीनही अमेरिकेची सत्ता आल्यावर नाकारली गेली. १८१४ मध्ये काँग्रेसने सुमारे ८५० एकर परत मंजूर केले, आणि ते सावकारांची देणी फेडण्यात गेले.

२६ सप्टेंबर १८२० रोजी बून मिझूरीत, आजच्या डिफायन्स गावाजवळ मुलगा नेथनच्या घरी वारला. ते चुनखडीचं घर पाहता येतं. १८४५ मध्ये त्याचे आणि रिबेकाचे अवशेष फ्रँकफर्टच्या दफनभूमीत आणले. खरे अवशेष आलेच नाहीत असा मिझूरीकरांचा दावा आहे. ज्यांना आपल्या शोधाला पुढे न्यायचंय त्यांनी मिझूरीचा फेरा सवडीने करावा आणि आधी मॅडिसनला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत जावं. इतिहासाची साधनं जमवणाऱ्या लायमन ड्रेपरने एकोणिसाव्या शतकात बुनांच्या मुलानातवंडांकडून गोळा केलेले जबाब आणि पत्रं तिथे आहेत. मायक्रोफिल्म बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांत मिळते. जाण्यापूर्वी खंड आणि रीळ क्रमांक लिहून घ्या, नाहीतर पहिला अख्खा दिवस सूची चाळण्यात जाईल.