थंड इंजिन दाखवा, एवढंच मागणं होतं

जुनी गाडी घेताना काय काय बघायचं याची यादी मी व्यवस्थित करून नेली होती. त्यातली बहुतेक कामं झटपट उरकली. अडलं ते पहिल्याच कामावर: गाडी पूर्ण थंड असताना चालू करून बघायची. या एवढ्याशा गोष्टीसाठी जितकी हुज्जत घालावी लागली, तितकी भाव करतानाही लागली नाही. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचताना जाणवेलच.

फोनवर प्रत्येकाला बजावायचे, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका हं." पलीकडून लगेच होकार. प्रत्यक्षात जावं तर गाडी दारात, धुऊनपुसून उभी, आणि बॉनेटवर हात ठेवला की कोमट. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली, मॅडम." एकाच्या मागे म्हणे दुसऱ्याची गाडी अडकली होती, म्हणून काढावी लागली. एकाला ऐनवेळी बॅटरीची काळजी वाटली. एकजण मलाच शिकवायला लागला, "थंड इंजिन आवाज करतंच हो. गरम झालं की बघा, आवाजच नाही. मिस्टरांना आणलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं." मिस्टरांना गाडीतलं पेट्रोल टाकीचं झाकण सोडून काही माहीत नाही, पण ते असो.

गरम झाल्यावर आवाज जातो, हेच तर दुखणं आहे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑइल खाली उतरलेलं असतं. व्हॉल्व्हची सीलं झिजली असतील तर थोडं ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये जातं आणि गाडी चालू करताक्षणी सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट येतो. तेवढाच. मग दिवसभर काही नाही. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालणारा असेल आणि तो थकला असेल, तर पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. दाब आला की गप्प. झिजलेला पिस्टन थंडपणी टकटक करतो आणि तापून फुगला की आवाज मिटतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधली सील, आतून गळत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रात्रीत सिलिंडरमध्ये शिरतं आणि सुरुवातीला इंजिन अडखळतं. कमजोर बॅटरी, डिझेल गाडीचे गेलेले ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून ऊब देणारे), हेही थंड असतानाच उघडे पडतात. गाडी गरम करून दाखवणं म्हणजे तापाची गोळी घेऊन डॉक्टरांपुढे बसणं.

पांढरा धूर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. गार हवेत सायलेन्सरमधली वाफ पांढरीच दिसते आणि थोड्या वेळात विरते. इंजिन तापल्यावरही धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट जळतंय. अशा गाडीचा नाद सोडा.

तर, एक गाडी मला मनापासून आवडली होती. एकाच मालकाची, सर्व्हिसची सगळी बिलं जपलेली. संध्याकाळी बोलावलं, तेव्हा तो नुकताच ऑफिसातून त्याच गाडीने आला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी गेले, तर नेमका हवा भरून आलेला. मी म्हटलं, "ठीक आहे, मी थांबते."

"किती वेळ?"

"थंड होईपर्यंत."

त्याला वाटलं मी चिडून बोलतेय. चिडलेच होते, पण थांबलेही. इंजिन पुरतं थंड व्हायला कित्येक तास लागतात, तासाभराने काही होत नाही, हे मला माहीत होतं. पण रिकामी बसणार कशी? यादीतलं बाकीचं काढलं.

टायरवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या खाचांमध्ये आडव्या पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर त्यांच्या पातळीला आला की संपला. एकाच टायरची एकच कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बिघडलंय, किंवा गाडीला कुठेतरी मार बसलाय. दारं आणि बॉनेट ज्या बोल्टवर बसतात त्यांचा रंग उडालाय का, डोकं घासलंय का, तेही बघा. कंपनीतून निघालेल्या बोल्टला कुणी पाना लावलेला नसतो. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते. बाकीच्या एका सालच्या आणि एकच वेगळी असली, तर ती का बदलली हे विचारा. सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं गालिचे बदलून सगळं चकाचक करतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. सीटखालचे रूळ गंजलेत का तेही वाकून बघा.

मीटर कमी आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

एवढं सगळं झालं तरी बॉनेट ऊनच. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी येणार आणि गाडी मीच चालू करणार. गेले. बॉनेटला हात लावला, गार. मनातून खूश झाले, पण बॉनेटच्या कडेने पाणी ओघळत होतं. इतक्या सकाळी गाडी कुणी धुतली?

इथे माझा स्कॅनर कामाला आला. हातात मावणारं, फोनला जोडता येणारं यंत्र असतं, स्टेअरिंगखालच्या पोर्टला लावायचं. हे पोर्ट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे फारच जुनी गाडी असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. किल्ली फिरवून फक्त इग्निशन ऑन करायचं, इंजिन चालू करायचं नाही, आणि दोन आकडे बघायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. गाडी रात्रभर उभी असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. इथे कूलंट हवेच्या कितीतरी वर होतं. बॉनेटवर पाणी मारून पत्रा गार होतो, आतलं कूलंट नाही होत.

मग म्हटलं, आलोच आहोत तर पूर्ण बघू. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाड, एकही नाही. हे बघून लोक खूश होतात आणि तिथेच थांबतात. त्याच्या पुढे रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं, ते उघडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंची तपासणी गाडी चालता चालता स्वतःच करत असते आणि झाली की तिथे पूर्ण असं दिसतं. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की हे सगळं पुन्हा अपूर्ण होतं, आणि पूर्ण व्हायला शहरात, हायवेवर, थंड इंजिनापासून सुरुवात करून बरंच चालवावं लागतं. इथे जवळपास सगळंच अपूर्ण. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हेही बऱ्याच गाड्या सांगतात. घरापासून एखाद्या गॅरेजपर्यंत जाऊन यावं एवढंच अंतर होतं ते.

मी त्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "एवढा संशय असेल तर नवीनच घ्या ना." किल्ली त्याच्या हातात दिली आणि निघाले. खरं सांगायचं तर त्या गाडीसाठी वाईट वाटलं, पण आपण यंत्र घेऊन गेलो याचा मला अजूनही अभिमान आहे.

जी घेतली ती एका काकांची. दिसायला यथातथाच, मागच्या बंपरवर ओरखडा. फोनवर नेहमीचं वाक्य बोलले तर काका म्हणाले, "गेले दोन दिवस हललेलीच नाही. तुम्हीच येऊन चालू करा, मला पण कळेल सुरू होते का." झाली. पहिल्या किल्लीला. मी मागे सायलेन्सरपाशी उभी, काका आत. धूर नाही, खडखड नाही. पुढचं सगळं, म्हणजे माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर खालून बघणं, टेस्ट ड्राईव्ह, कागदांवरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी ताडणं, एका दुपारी आटोपलं. मेकॅनिक तुमचाच हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

एक राहिलं. किल्ली ऑन केल्यावर इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झालं की पहिला विझतो, दुसरा काही सेकंदांत आपोआप. मुळात लागतच नसेल तर दिवाच गेलाय किंवा कुणीतरी तो बंद करून ठेवलाय, असा संशय घ्या. आणि दुसरी किल्ली पैसे देण्याआधी मागून घ्या, ती चालते का तेही बघा. काकांनी दिली लगेच, फक्त तिच्यातला सेल संपलेला होता.